इनटेक मॅनिफोल्ड बदलताय? या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात अमळनेरहून एक पोरगा गाडी घेऊन आला. जुनी एस्टीम, १२९८ सीसीचं इंजिन, आणि त्यावर बनवून घेतलेला चकचकीत ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड, म्हणजे हवा सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळ्यांचा संच. बॉनेट उघडलं की बघतच राहावं असं काम. "भाऊ, आवाज तं भारी येऊन राहिला, पण कन्नडच्या घाटात गाडी मरते. पहिल्यात टाकावी लागते, मागून गाडीवाले हॉर्न मारता."

मी हसलो नाही. माझ्या पहिल्या गाडीवर मीही हेच करून बसलो होतो. जळगावला परत येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नव्हती. तेव्हापासून जे शिकलो ते खाली लिहितोय.

गाडी कुठे चालते हे न ठरवता रनर कापणं

बहुतेक पैसा या चुकीत जातो, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

रनर म्हणजे मॅनिफोल्डची एकेका सिलिंडरकडे जाणारी नळी, आणि प्लेनम म्हणजे या सगळ्या नळ्या जिथून निघतात तो डबा. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. त्या ओढीची एक लाट रनरमधून मागे प्लेनमपर्यंत जाते, तिथे उलटते आणि दाबाची लाट होऊन व्हॉल्व्हकडे परत येते. व्हॉल्व्ह बंद व्हायच्या बेतात असताना ती पोचली, तर जास्तीची हवा सिलिंडरमध्ये ढकलली जाते. अवेळी पोचली तर फुकट. ही लाट आवाजाच्या वेगाने, सेकंदाला साधारण ३५० मीटरने धावते. तो वेग तुमच्या हातात नाही. हातात असते फक्त नळीची लांबी.

समजा व्हॉल्व्हपासून प्लेनमपर्यंत हेडच्या पोर्टसकट (इंजिनाच्या माथ्यातल्या हवेच्या वाटेसकट) ४५ सेंटीमीटर अंतर आहे. जाऊन-येऊन ९० सेंटीमीटर, म्हणजे सुमारे २.६ मिलिसेकंद. ३००० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक १८ अंश फिरतो, ६००० ला ३६ अंश. आता नळी कापून २५ सेंटीमीटर केली, तर लाट १.४ मिलिसेकंदात परत येते. लांब नळी जे काम ३३०० च्या आसपास करत होती, ते आखूड नळी ६००० ला करणार. हिशेब ढोबळ आहे, कॅम आणि व्हॉल्व्हची वेळही त्यात येते. पण दिशा हीच.

आता सांगा, चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना पुढे एखादी हळू गाडी असेल, तर तुम्ही कितीवर असता? अडीच हजार, फार तर तीन. जळगावात आकाशवाणी चौक ते अजिंठा चौफुलीपर्यंत तर दोन हजारही होत नाहीत. अमळनेरच्या पोराने इंजिनाची ताकद उचलून सहा हजारावर नेऊन ठेवली होती आणि गाडी चालवत होता तीन हजाराच्या खाली. रनरचं भोक मोठं केलं की हवेचा वेग पडतो, म्हणजे खालचं पिकअप आणखी जातं. त्याने तेही केलं होतं.

थ्रॉटल बॉडी, म्हणजे पेडल दाबल्यावर हवेची वाट उघडणारी झडप, मोठी बसवणाऱ्यांचंही तेच. पायाला गाडी एकदम हलकी लागते, कारण पाव पेडलमध्येच जवळजवळ सगळी हवा जाते. ताकद वाढल्याचा भास होतो. पूर्ण दाबून चालवाल तेव्हा आकडा जुनाच निघतो.

उन्हाचा हिशेब न करणं

मॅनिफोल्डचे फोटो बघून ऑर्डर देणारे थंड देशांतली गाडी डोक्यात ठेवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. २५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. त्यात उघडा कोन फिल्टर बॉनेटच्या आत, रेडिएटरच्या मागे बसवला आणि इंजिनाने ६५ अंशांची हवा ओढली, तर आणखी ६ टक्के गेले. पोर्ट घासून मिळवलेलं सगळं इथे सांडतं. गरम हवेने नॉकिंग होतं (मिश्रण आपोआप पेटून टकटक होते), मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, इग्निशन मागे घेतो, ठिणगी उशिरा टाकतो. ते नुकसान वेगळंच.

कंपनीचा प्लास्टिकचा मॅनिफोल्ड बघून नाक मुरडू नका. तो इंजिनाची उष्णता कमी घेतो. त्याजागी ॲल्युमिनियमचा लावायचा असेल तर हेड आणि फ्लँजच्या (मॅनिफोल्ड हेडला बसतो त्या सपाट पट्टीच्या) मधे उष्णता अडवणारा जाड फिनोलिक स्पेसर घाला. फिल्टर डब्यात बंद करा आणि त्याचं तोंड ग्रिलकडे काढा. माझा अनुभव विचाराल तर आपल्या भागात रोजच्या गाडीवर एवढंच केलं तरी पुरे होतं. बाकीचं हौस आहे. हौसेला माझी ना नाही.

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्याने जात असाल तर उघड्या फिल्टरवर आठ दिवसांत पांढरं लव चढतं. तेलवाला कॉटन फिल्टर असेल तर काळ्या मातीची धूळ आणि ते लव मिळून चक्क लेप होतो. डब्यात बंद असेल तर तेवढा त्रास नाही.

पोर्ट जुळवताना उलटी पायरी ठेवणं

मॅनिफोल्डचं भोक हेडच्या भोकापेक्षा मोठं राहिलं, तर हवा थेट हेडच्या कडेवर आपटते. उलट मॅनिफोल्ड किंचित लहान आणि हेड किंचित मोठं असेल तर फारसं बिघडत नाही. त्यामुळे "जेवढं मोठं तेवढं चांगलं" म्हणून फक्त मॅनिफोल्ड घासत सुटू नका. आणि पॅकिंगला विसरू नका. पॅकिंगची कड आत डोकावत असेल तर दोन्ही बाजू जुळवून काही उपयोग नाही.

बोल्टची भोकं ढिली असतात. आज जुळवलेलं उद्या कसताना एक मिलिमीटर सरकतं. दोन जागी डॉवेल पिन (जागा पक्की धरणाऱ्या खिळ्या) बसवून घ्या, मगच मार्किंग करा.

आतून आरसा करण्याचा नाद सोडा. इंजेक्टर पोर्टमध्ये फवारा मारतो, आणि अगदी गुळगुळीत भिंतीवर पेट्रोल ओघळतं. ८० ते १२० नंबरच्या पेपरची फिनिश पुरे. मेहनत घ्यायचीच असेल तर रनर प्लेनममध्ये उघडतो त्या कडेवर घ्या. ती पिपाणीच्या तोंडासारखी पसरट हवी. कापलेल्या पाइपासारखी धारदार राहिली तर हवा तिथेच अडखळते.

आर्गन वेल्डिंगनंतर फ्लँज तसाच लावणं

ॲल्युमिनियम तापलं की वाकतं. फ्लँज मोकळा ठेवून वेल्डिंग केलं तर तो केळीच्या पानासारखा वळतो. जुनं भंगारातलं हेड मिळवा किंवा जाड लोखंडी प्लेट घ्या, फ्लँज त्यावर पूर्ण कसा आणि मग आर्गन मारायला द्या. थंड झाल्याशिवाय सोडू नका. नंतर स्ट्रेट एज आडवी-तिरपी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. ०.१ मिलिमीटरची पट्टी सहज जात असेल तर लेथवाल्याकडून फेस मारून आणा.

इथे माझ्या हातची एक गोष्ट. फेस मारून आणलेला मॅनिफोल्ड मी कॉम्प्रेसरने हवा मारून बसवला. प्लेनमच्या कोपऱ्यात वेल्डिंगच्या मागे नखाएवढा ॲल्युमिनियमचा कीस अडकलेला होता, तो दिसलाच नाही. दोन दिवसांनी तिसऱ्या सिलिंडरमध्ये टकटक. प्लग काढला तर त्याची दांडी ठेचून बंद झालेली, पिस्टनवर खड्डे. आता मी आधी रॉकेल, मग साबणाचं गरम पाणी, मग बाटली धुवायचा लांब ब्रश, आणि शेवटी बोट फिरवून पाहतो. बोट काळं निघतंय तोवर धुणं चालू.

हवा खेचतेय, पण सापडत नाही

नवीन मॅनिफोल्ड लावल्यावर निम्म्या तक्रारी याच असतात. इथे एक गोंधळ नेहमी होतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅप सेन्सर असतो, तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. बाहेरून हवा शिरली की दाब वाढतो, ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोलही वाढवतो आणि आयडलिंग चढतं. ज्या गाडीत मास एअर फ्लो सेन्सर असतो तिथे ती हवा मोजलीच जात नाही, म्हणून मिश्रण पातळ पडतं, गाडी झटके खाते. आधी आपल्या गाडीत काय आहे ते बघा, मग लक्षण वाचा.

गरम इंजिन, एसी बंद, आयडलिंगला स्कॅनरवर मॅपचा आकडा साधारण ३० ते ४० केपीए हवा. ५५-६० दिसत असेल तर बाहेरची हवा शिरतेय किंवा कॅमची वेळ चुकलीय.

शोधायला तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारू नका. बऱ्याच ठिकाणी सर्रास करतात, आणि एका पोराच्या भुवया जळालेल्या मी पाहिल्यात. इंजिन बंद करा, इनटेकच्या तोंडाला झाकण बसवा, पीसीव्हीचा पाइप (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये आणणारा) बंद करा, रेग्युलेटर लावून फक्त २-३ पीएसआय हवा सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे बोलतात. ब्रेक बूस्टरचा पाइप पहिल्यांदा तपासा. तिथे गळती असेल तर पिकअपची चिंता नंतर, आधी ब्रेक.

जोडावर सिलिकॉन थापून गळती बंद करणाऱ्यांना एवढंच सांगतो, की साधं सिलिकॉन पेट्रोलला टिकत नाही. महिन्याभरात फुगतं, सुटतं आणि तुकडा आत जातो. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला कसा. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की हेलिकॉइल (तारेच्या गुंडाळीचे नवे आटे) बसवत फिरावं लागतं.

ट्यूनिंग न करता चालवणं

मॅनिफोल्ड बदलला की चारही सिलिंडरला हवा सारखी मिळेलच असं नाही. थ्रॉटल एका टोकाला असेल तर पूर्ण दाबल्यावर लांबच्या सिलिंडरला जास्त हवा जाऊ शकते. एकच वाइडबँड सेन्सर (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) सगळ्यांची सरासरी दाखवतो. म्हणून जोरात ओढून लगेच इंजिन बंद करा आणि चारही प्लग काढून शेजारी ठेवा. तीन तपकिरी आणि एक पांढराफटक असेल तर तिथे इंजिन जळायच्या बेतात आहे.

हवा-पेट्रोलच्या आदर्श प्रमाणाचा १४.७ चा आकडा धरून बसू नका. तो शुद्ध पेट्रोलचा आहे. पंपावरच्या ई-२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) तोच बिंदू साधारण १३.५ ला येतो. ट्यूनरशी लॅम्डामध्ये बोला (कुठलंही इंधन असो, आदर्श प्रमाण म्हणजे लॅम्डा १), घोळ होणार नाही.

आणि हो, मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ वाचून ठेवा. रस्त्यावरच्या एमएच-१९ गाडीत काय बदलता येतं आणि आरसीवर काय लिहिलंय, याची विचारणा अपघातानंतर विमावालाच सगळ्यात आधी करतो. रॅलीला उतरणार असाल तर एफएमएससीआय या मोटरस्पोर्ट्स संघटनेच्या तुमच्या क्लासच्या नियमात मॅनिफोल्डला परवानगी आहे का, ते काम सुरू करायच्या आधी बघा.

अमळनेरच्या पोराचा जुना मॅनिफोल्ड नशिबाने घरी पडून होता. तो परत बसवला, पोर्ट जुळवले, फिल्टर डब्यात घालून तोंड ग्रिलकडे काढलं. घाटात दुसऱ्यात चढते म्हणून फोन आला.

त्याचा चकचकीत मॅनिफोल्ड माझ्या माळ्यावर आहे, तोंडं जाड कापडाने बांधून. मूळचा मॅनिफोल्ड कधी कापू नका, आणि काढून ठेवला तर उघडा ठेवू नका. कुंभारीण माशी रनरच्या आत, वळणाच्या पलीकडे मातीचं घर करते. बाहेरून बॅटरी मारली तरी ते दिसत नाही.