गुडघ्याच्या वाटीभोवतीच्या दुखण्यासाठी व्यायाम: कोणता, किती आणि कुठे थांबायचं

नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना फारसं काही जाणवत नाही, उतरताना मात्र वाटीच्या मागे कळ येते. उकिडवं बसवत नाही, बराच वेळ बसून उठलं की गुडघा धरतो. तरुण वयात याचं कारण बहुतेक वेळा झीज नसते. वाटीच्या सांध्यावर अचानक वाढलेला भार असतो. म्हणून पूर्ण विश्रांती घेऊ नका. मांडी आणखी दुबळी होते आणि चालायला लागलं की दुखणं परत येतं.

गुडघा सुजला असेल, अडकत असेल, दगा देत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल किंवा ताप असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

सुरुवात खुब्यापासून करा. दुखरा पाय वर येईल असं कुशीवर झोपा, पाय सरळ ठेवून टाच किंचित मागे न्या आणि पाय वर उचला. 10 ते 12 वेळा, असे 3 सेट, एक दिवसाआड. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कंबर मागे कलंडते, मग खुब्याच्या पुढचा स्नायू काम करतो आणि नितंबाचा तसाच राहतो. पाठ भिंतीला टेकवून केलं की चूक लगेच कळते.

मांडीसाठी खुर्चीवर बसा, घोट्याला 1 किलोची वाळूची पिशवी बांधा आणि पाय काटकोनापासून निम्माच वर न्या. वजन बांधून पाय पूर्ण सरळ केला की शेवटच्या टप्प्यात वाटीचा थोडाच भाग हाडाला टेकतो आणि दाब तिथेच एकवटतो. उभ्याने बैठक मारताना उलटं: थोडंच वाका, साधारण 45 अंश.

दोन-तीन आठवड्यांनी पायरी उतरण्याचा सराव घ्या. 10 सेंटिमीटर उंच, न हलणाऱ्या पाटावर दुखऱ्या पायावर उभे राहा आणि दुसऱ्या पायाची टाच सावकाश जमिनीला टेकवा. समोर आरसा हवाच, कारण गुडघा आत झुकतो आणि आपल्याला कळतही नाही. तो पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवा. झुकला तर पाट कमी उंचीचा घ्या.

दुखणं 10 पैकी 3 पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्ववत व्हायला हवं. नसेल तर वजन किंवा सेट कमी करा, व्यायाम बंद करू नका. फरक दिसायला 6 ते 12 आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत वाटीवर पट्टी चिकटवून घेतली तर व्यायाम सुसह्य होतो. नुसता मशीनचा शेक घेऊन येण्यात आमच्या मते पैसे वाया जातात.

गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर धावणाऱ्यांनी वेग तोच ठेवून पावलं आखूड करावीत. मिनिटाला 160 पडत असतील तर 168 ते 176. वणीच्या सप्तशृंगी गडावर जायचंच असेल, तर या काळात निदान उतरताना ट्रॉली घ्या.