ग्रीक शिकताय? मग आधी मराठी व्याकरण आठवा

अथेन्स-पिरेअसला नव्यानं आलेले आपले लोक ग्रीक शिकायला बसतात ते इंग्रजीचं बोट धरून. पुस्तकं इंग्रजीत, ॲप इंग्रजीत, त्यामुळे ते साहजिक आहे. तरी माझं स्पष्ट मत सांगतो: मराठी माणसानं इंग्रजीतून ग्रीककडे जाणं म्हणजे दादरहून ठाण्याला पुण्यामार्गे जाणं. इंग्रजी बोलणारा विद्यार्थी ज्या गोष्टींनी रडकुंडीला येतो, त्यातल्या बऱ्याचशा आपण शाळेत जाण्याआधीच बोलायला शिकलेलो असतो.

एकच वाक्य घेऊ, तुम्हाला पहिल्याच आठवड्यात लागणारं. इथे वस्त्यावस्त्यांत आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी रस्त्यावर भाजीबाजार भरतो. त्याला ‘लाइकी’ म्हणतात. (आपल्या ‘लायकी’च्या अगदी जवळचा उच्चार. हसून घ्या, नंतर सवय होते.) तिथे म्हणायचं:

‘मू दीनेते एना किलो दोमातेस, पाराकालो?’

मला एक किलो टोमॅटो देता का, प्लीज. ‘मू’ म्हणजे मला, ‘दीनेते’ म्हणजे देता. इथे ‘तुम्ही’ हा शब्द कुठेच नाही, कारण तो क्रियापदातच आला. आपण ‘देता का?’ म्हणतो तेव्हा तरी ‘तुम्ही’ कुठे म्हणतो? समोरचा ओळखीचा, बरोबरीचा असला तर ‘दीनिस’, म्हणजे देतोस. तू आणि तुम्ही हा भेद कसा सांभाळायचा हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. बाजारात विक्रेते पटकन एकेरीवर येतात, त्याचा राग धरू नका. सरकारी खिडकीवर मात्र आपण अनेकवचनच वापरावं.

पुढे ‘एना किलो दोमातेस’. एक किलो टोमॅटो. आपल्यासारखेच दोन शब्द शेजारी ठेवले, मध्ये ‘चे’ नाही, काही नाही. इंग्रजीतून विचार करणारा इथे हमखास एक षष्ठी घुसवतो. तुम्ही मराठीतून आलात तर चुकणारच नाही.

उच्चाराचं एक सांगून ठेवतो. ‘दीनेते’मधला द आणि ‘दोमातेस’मधला द वेगळे आहेत. पहिल्याला जिभेचं टोक दातांच्या फटीत ठेवून हवा सोडायची, दुसरा आपला नेहमीचा. मात्र चहा मागताना तुमची चंगळ आहे. ‘त्साई’मधला त्स म्हणजे थेट आपला ‘चमचा’तला च, आणि ‘त्झात्झिकी’ या दही-काकडीच्या पदार्थाच्या नावातला आवाज ‘जहाज’मधल्या ज चा. हिंदीभाषक मित्रांना इथे मेहनत करावी लागते.

आता लिंग. मराठीसारखीच ग्रीकमध्ये तीन लिंगं आहेत, आणि नामाच्या आधी येणारं उपपद त्यांच्याप्रमाणे बदलतं: पुल्लिंगी ‘ओ’, स्त्रीलिंगी ‘इ’, नपुंसकलिंगी ‘तो’. हा ‘तो’ ऐकून पुल्लिंग समजू नका, इथे तो ‘ते’ आहे! लहान मूल, ‘तो पेदी’, आपल्यासारखंच नपुंसकलिंगी. पण ‘आगोरी’ म्हणजे मुलगा आणि ‘कोरित्सी’ म्हणजे मुलगी, हेही नपुंसकलिंगी. पोरगं, कार्टं म्हणणाऱ्या माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. शब्दाचं लिंग बहुधा शेवटावरून कळतं: स आला तर बरेचदा पुल्लिंगी, आ आला तर सहसा स्त्रीलिंगी, ओ आला तर जवळजवळ नेहमी नपुंसकलिंगी. ई फसवा आहे, तो स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी दोन्हीकडे असतो. म्हणून शब्द कधीही सुटा पाठ करू नका, उपपदासकट करा. हे उपपद माणसांच्या नावालाही लागतं. ‘ओ निकोस’ आला, ‘इ मारिया’ गेली, असंच बोलतात.

मराठी जिथे दगा देते त्या जागाही ठाऊक हव्यात. आपण ‘कॉफी आवडते’ आणि ‘कॉफी द्या’ या दोन्ही वाक्यांत ‘कॉफी’ तशीच ठेवतो. ग्रीकमध्ये कॉफी पुल्लिंगी, ‘ओ काफेस’, आणि ती कर्म झाली की स गळतो: ‘एनान काफे’. हाक मारतानाही स गळतो. निकोसला ‘निको!’ अशी हाक मारायची, तर आलेक्सान्द्रोसला ‘आलेक्सान्द्रे!’ संबोधन विभक्ती आपण परीक्षेपुरती पाठ केली होती, ती इथे रोज वापरात आहे. दुसरं म्हणजे, आपलं ‘ला’ नामाच्या मागे चिकटतं, इथलं पुढे येतं: सिन्दाग्माला, म्हणजे अथेन्सच्या मध्यवर्ती चौकात, जायचं तर ‘स्तो सिन्दाग्मा’. आणि तिसऱ्या ठिकाणी ग्रीक आपल्याहून सोपी आहे. ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ दोन्हींना एकच, ‘इर्था’. क्रियापदाला लिंगाशी देणंघेणं नाही.

आवडीनिवडीचं वाक्य तर जणू मराठीतूनच नेलंय. ‘मू आरेसी ओ काफेस’: मला कॉफी आवडते. टोमॅटो अनेक असतील तर ‘मू आरेसून इ दोमातेस’: मला टोमॅटो आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालतं, माणसाप्रमाणे नाही. नाव सांगायचं तर ‘मे लेने संदीप’, मला संदीप म्हणतात.

नवख्यांची खरी दमछाक होते ती ‘ना’पाशी. हा नकार नाही. नकारासाठी ‘देन’ आहे, क्रियापदाच्या आधी येणारा. ग्रीकमध्ये ‘जाणे’, ‘देणे’ अशी मोकळी रूपं उरलेली नाहीत, त्यांचं काम ‘ना’ आणि पुढचं क्रियापद मिळून करतात. पुस्तकं त्यावर पानंच्या पानं खर्च करतात. तुम्ही एवढंच करा: ‘ना एर्थो?’ ऐकलं की ‘येऊ?’ समजा. ‘ना कात्सो?’ म्हणजे ‘बसू?’ आणि ‘थेलो ना एर्थीस’ म्हणजे ‘तू यावंस असं मला वाटतं’. ‘यावंस’मधला स जसा ‘तू’ दाखवतो, तसाच ‘एर्थीस’मधलाही.

यातून एक कामाची सवय निघते. प्रत्येक क्रियापद तीन रूपांत लिहून ठेवा. येतो, येऊ, आलो: ‘एर्खोमे, ना एर्थो, इर्था’. देतो, देऊ, दिलं: ‘दीनो, ना दोसो, एदोसा’. मधल्या रूपाच्या आधी ‘ना’ऐवजी ‘था’ ठेवला की भविष्यकाळ तयार, ‘था एर्थो’, येईन. ‘द्या’ म्हणायचं तरी मूळ तेच, ‘दोस्ते मू’. फक्त इथे ‘मू’ उडी मारून क्रियापदाच्या मागे जातो. आज्ञार्थाचा हा नियम विसरू नका.

पण ‘ना’पुढे पहिलं रूपही येतं, आणि तेव्हा अर्थ बदलतो. डॉक्टर गोळी हातावर ठेवून ‘पार्ते’ म्हणाले तर ‘घ्या’, आत्ता, एकदा. ‘ना पेर्नेते’ म्हणाले तर ‘घेत जा’, रोज, नियमानं. ‘घ्या’ आणि ‘घेत जा’ यातला फरक इंग्रजीत एका शब्दात पकडता येत नाही, म्हणून तिथली पुस्तकं या प्रकरणाला अवघड म्हणतात. औषधाच्या बाबतीत तरी हा फरक कानाला कळलाच पाहिजे.

शिकवणी लावायची तर अथेन्सच्या झोग्राफू भागात अथेन्स विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं भाषाकेंद्र आहे. पुढेमागे नागरिकत्वाचा विचार असेल तर 2021 पासून त्यासाठी लेखी परीक्षा आहे आणि तिथे ग्रीक बी-1 (युरोपीय मोजपट्टीवरच्या मधल्या) पातळीचं लागतं, शिवाय इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था वेगळी. भाषाकेंद्रात पातळी ठरवायला चाचणी घेतात. लिपी येत नसेल तर अगदी खालच्या वर्गात बसवतात, मग बोलता कितीही येवो. तेव्हा चोवीस अक्षरं घरीच गिरवून जा, आणि त्यासोबत आघाताची खूण कुठे येते तेही बघा, कारण ‘पोते’ आधी जोर देऊन म्हटलं तर ‘केव्हा’, आणि शेवटी जोर दिला तर ‘कधीच नाही’.