परसबाग करताय? या चुका टाळा, आणि आधी तो पाण्याचा तांब्या खाली ठेवा

मे संपत आला की माझा फोन सुरू होतो. "काकू, मिरची पिवळी पडली." "वहिनी, काकडीला फुलं येतात नि गळतात." "फोटो पाठवलाय, बघ ना काय झालंय." मी आताशा फोटो न उघडताच विचारते, पाणी किती घालतेस गं? मग तिकडून मोठ्या कौतुकाने उत्तर येतं, रोज दोनदा, न चुकता! हे न चुकता घालणंच चुकतंय हे सांगायला गेलं की लोकांना राग येतो, वाटतं ही बाई झाडांवर माया करू नका म्हणतेय.

मी काही शेतकी शिकलेली नाही. लग्न होऊन दापोलीतल्या आंजर्ल्याजवळच्या या वाडीत आले तेव्हापासून नारळ-सुपारीच्या आगरात नि परसात राबतेय, तेवढंच. पण झाडं पाण्यावाचून मेलेली मी कमी पाहिलीत, पाण्याने मारलेली खूप. त्यातलं एक तर आमच्याच खळ्यातलं, म्हणजे अंगणातलं, आणि ते मारलं आम्ही सगळ्यांनी मिळून, हात जोडून.

2020 चं साल. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, मे महिन्यात पास मिळवून धाकटे भावोजी, जाऊबाई नि पुतणी डोंबिवलीहून आले, 14 दिवस शाळेतल्या विलगीकरणात काढले नि मग घरात आले. जरा कुठे बस्तान बसतंय तोवर 3 जूनला निसर्ग वादळ. अर्ध्या घराची कौलं गेली, परसातला फणस आडवा झाला, आगरातल्या पोफळी (सुपारीची झाडं) किती पडल्या ते आम्ही शंभरच्या पुढे मोजलंच नाही. तीन आठवडे लाइट नव्हती. आणि एवढ्यात खळ्यातली तुळस मात्र जागच्या जागी, वृंदावनाचा एक कोपरा तेवढा माडाची झावळी पडून फुटला. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे लोटांगणच घातलं, नि खरं सांगते, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

भावोजी हौशी माणूस, स्वस्थ बसवत नाही. उरलेलं सिमेंट कालवून त्यांनी वृंदावनाची डागडुजी केली, सगळ्या फटी लिंपल्या, वरून थापी फिरवून गुळगुळीत केलं. मागच्या बाजूला अगदी तळाशी बोटभर भोक होतं, सासऱ्यांनी बांधतानाच चिऱ्यात ठेवलेलं, तेही लिंपलं गेलं. "बघा वहिनी, नवीन वाटतंय की नाही?" मी पण म्हटलं, छान झालं. ही माझी चूक, ती मी कोणावर ढकलत नाही.

देवळं तेव्हा बंद. कड्यावरच्या गणपतीला खालूनच हात जोडायचे. जुलैच्या सुरुवातीला जाऊबाईंचे वडील मुंबईत कोरोनाने ॲडमिट झाले, कोणाला भेटायला देईनात, फोन लागला तर लागला. मग सगळ्या घराचं देऊळ म्हणजे ती तुळस. सासूबाई पहाटे एक तांब्या घालणार, जाऊबाई आंघोळ करून एक, फोन येऊन गेला की आणखी एक, भावोजी सूर्याला अर्घ्य देऊन उरलेलं तिच्यात, पुतणी आजीचं बघून, आणि मी दिवेलागणीला. एकदा मोजले तर दिवसाचे 7 तांबे झाले. वरून आषाढाचा पाऊस, तो काय सांगायचा.

पंधरा दिवसांत पानं पिवळी. मग शेंडा खाली. सासूबाई म्हणाल्या, तहानलीय बाय, अजून घाला. सगळे फसतात ते इथेच, कारण मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही आणि ते तहानल्यासारखंच दिसतं, हुबेहूब. आपण अजून पाणी घालतो नि ते अजून बुडतं. मी शेवटी मातीत बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत नुसता चिखल, आणि बोटाला मोरीचा वास. बुंध्याशी साल काळी पडली होती, नखाने सहज निघून आली.

तुळस गेली म्हटल्यावर घरात कोणी काही बोललं नाही, पण जाऊबाई ताटावरून उठल्या. प्रत्येकाच्या मनात काय आलं असेल ते कळत होतं, माझ्याही मनात तेच आलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी पहार घेऊन वृंदावनाच्या मागे गेले नि ते भोक मोकळं केलं, तर काळं पाणी भसकन माझ्या पायांवर आलं. वाहतच राहिलं. दोन बादल्या तरी असेल. एवढ्या पाण्यात ती बिचारी उभी होती.

धुण्याच्या दगडाखाली चिऱ्याच्या फटीत तिचंच बी पडून चार-पाच रोपं आली होती, त्यातलं एक माती बदलून वृंदावनात लावलं. जाऊबाईंचे वडील एकोणिसाव्या दिवशी घरी आले. सासूबाई आजही सांगतात की तुळस त्यांच्या जागी गेली. मी कधी वाद घातला नाही. भोक बुजलं होतं हेही खरंच आहे.

तेव्हापासून नियम केलाय. तुळशीला पाणी फक्त सासूबाई घालतात, सकाळी, एक तांब्या, आणि पावसाळ्यात नुसतं चमचाभर नैवेद्यासारखं. बाकीच्यांनी पानाला हात लावून नमस्कार करावा, आणि हातात पाणी उरलंच असेल तर माडाला घालावं. माडाला कितीही भक्ती चालते.

तर तुमच्या कुंडीचं आधी ढुंगण बघा. भोक आहे का? भोकाखाली बशी ठेवून तिच्यात पाणी साठवताय का? मग भोक असून काय उपयोग. पाणी घालायचं की नाही ते घड्याळाला विचारू नका, बोटाला विचारा. आणि दुपारी मान टाकलेलं झाड संध्याकाळी आपोआप ताठ होत असेल तर ते नुसतं उन्हाने दमलेलं असतं, त्याला काही करू नका. सकाळी सकाळी मान टाकलेली असेल आणि माती ओली असेल, तर मात्र मुळाशी घोटाळा आहे.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे उन्हाळ्यातलं आळं पावसात तसंच ठेवणं. आळं असतं पाणी धरायला. मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागला की ते मोडून उलट बुंध्याशी मातीची भर घालायची, म्हणजे पाणी बाजूने निघून जातं. दरवर्षी सांगते नि दरवर्षी वाडीत कोणाची तरी वांगी तळ्यात उभी असतात.

बी पेरून रोज उकरून बघू नका. आमची पुतणी बघायची, ती 9 वर्षांची होती, तिला माफ. मोठी माणसं करतात त्यांना काय म्हणायचं.

ताजं शेण मुळाशी घालू नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) होते. शेण कुजून काळं भुसभुशीत झालं, वास गेला, की मग. सहा महिने लागतात. "लवकर व्हायला काही आहे का?" घाई करू नका.

व्हिडिओत बघून खत म्हणून घालतात ती चहाची पूड. आपला चहा दूध-साखरेचा असतो, ती पूड न धुता कुंडीत टाकली की मुंग्या येतात, मुंग्या पिठ्या ढेकूण (रस शोषणारी पांढरी कीड) सांभाळतात, मग तुम्ही मला जास्वंदीचा पांढरा झालेला फोटो पाठवता.

मासे धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, लिंबाला चांगलं, आम्ही पिढ्यान् पिढ्या घालतो. पण डोकी नि आतडी वरवर पुरू नका. रात्री मांजरं नि उंदीर उकरतात आणि झाड मुळासकट वर येतं.

आता फुलं गळण्याचं. दुधी, भोपळा, काकडी, कारलं यांना आधी सगळी नरफुलं येतात. ती गळणारच, त्यांचं काम तेच आहे. मादीफुलाच्या मागे देठाशी इवलंसं फळ असतं, ते दिसेपर्यंत आठ-पंधरा दिवस दम धरा, फवारे मारत सुटू नका. मादीफुलं येऊनही फळ धरत नसेल तर नरफूल तोडून त्यातला पराग मादीफुलाला हाताने लावायचा. काकडी, भोपळा, कारल्याला सकाळी लवकर. दुधी, दोडका, पडवळ संध्याकाळी फुलतात, त्यांना संध्याकाळी. लोक सकाळी 10 वाजता दुधीच्या मिटलेल्या फुलात काडी घालत बसतात.

आणि फळमाशी. यावर जरा जास्त बोलणार, कारण भावोजींनी इथेही नाव काढलं. त्या वर्षी वादळानंतर आम्ही मिरगाला घाईघाईत बी टाकलं होतं. गणपती 22 ऑगस्टला, दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी, आणि ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, सगळं परसातलं लागतं, अळू, भेंडी, काकडी, पडवळ, माठ. सासूबाईंचा हट्ट की यंदा काहीही होवो, भाजी झाली पाहिजे. मांडवावर काकड्या धरायला लागल्या नि बोटाएवढ्या झाल्या की वाकड्या, पिवळ्या, कापली तर आत अळ्या वळवळतायत. भावोजींनी आंब्याच्या बागेतला रक्षक सापळा, म्हणजे फळमाशी पकडायचा डबा, आणून मांडवाला टांगला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा, उत्तम वस्तू आहे. दोन दिवसांत डब्यात माश्यांचा खच. भावोजी रोज सकाळी मोजायचे, घरात आकडा जाहीर व्हायचा, आज चाळीस, आज साठ, तेव्हा टीव्हीवर दुसरे आकडे चालायचे, त्यापेक्षा हे ऐकायला बरे. पण काकड्या सडायच्या थांबेनात!

कारण आंब्याची माशी वेगळी नि वेलभाज्यांची वेगळी. सापळ्यातल्या बोळ्याला माशीला ओढणारं वासाचं औषध असतं, आंब्यासाठी मिथिल युजेनॉल, वेलभाज्यांच्या माशीला लागतं क्यू ल्युअर. आम्ही शेजारच्या आंब्याच्या कलमांवरच्या माश्या पाहुण्या बोलावून मारत होतो नि काकडीवरची माशी मजेत होती. दुकानात मागताना नुसतं "फळमाशीचा सापळा द्या" म्हणू नका, कशासाठी ते सांगा. आणि दोन्हींत सापडतात ते फक्त नर, त्यामुळे सापळा टांगला म्हणजे सुटलो असं नाही.

माझी स्वतःची सवय त्याहून जुनी आहे. फुलाची पाकळी सुकली की कोवळ्या फळाला जुन्या साडीची पिशवी बांधायची. वेळ जातो, कंटाळा येतो, पण फळ हाती लागतं. आणि डंख झालेली फळं रोज वेचायची. ती खताच्या खड्ड्यात टाकणं ही सगळ्यात मोठी चूक, अळ्या तिथेच मातीत कोष करतात नि नवीन माश्या होऊन मांडवावर हजर. मी बादलीभर पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवते. घाण वास येतो. येऊ दे.

किनाऱ्यालगत विहीर असेल तर एप्रिल-मेमध्ये पाणी चाखून बघा. मचूळ झालं असेल तर पानांच्या कडा करपतात आणि लोक त्याला रोग समजून औषध मारतात. असं पाणी पानांवर उडवायचं नाही, रोज थोडं थोडं शिंपडायचं नाही, आड दिवसाने पण भरपूर द्यायचं, नि बुंध्याशी पातेरा (वाळकी पानं) नाहीतर नारळाची सोडणं पसरायची म्हणजे ओल टिकते. पहिला दणकून पाऊस मीठ धुऊन नेतो.

वादळानंतर मोकळ्या झालेल्या आगरात अनेकांनी पोफळीची रोपं उघड्यावर लावली. पोफळीला लहानपणी सावली लागते हो, दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन तिला सोसत नाही, होरपळते. आधी केळी लावा, त्या वर आल्या की त्यांच्या आडोशाला पोफळ. "एक वर्ष फुकट जाईल ना वहिनी." ज्यांनी ते वर्ष वाचवलं ते आता तिसऱ्यांदा रोपं लावतायत.

राहता राहिली माकडं. त्यांचं मला विचारू नका. जाळी लावली, फटाके लावले, जुन्या शर्टांचं बुजगावणं केलं, त्याच्या खांद्यावर बसून त्यांनी पेरू खाल्ला. सासूबाई दगड मारू द्यायच्या नाहीत, मारुतीची जात म्हणायच्या, शनिवारी तर नावही काढायचं नाही. ऋषीपंचमीला दोन दिवस राहिले असताना मांडवावर मोजून तीन पडवळं होती, भाजीसाठी राखलेली, तळाशी दगड बांधून सरळ वाढवलेली. दुपारी आरडाओरडा ऐकून मी धावत मागे गेले तर एक दांडगा वानर पडवळ घेऊन कौलावर आणि सासूबाई, वय वर्षं 78, पदर खोचून, हातात मापाचा दगड.

म्हटलं, अहो, मारुती ना तो?

"मारुती असता तर विचारून नेला असता," म्हणाल्या, नि दगड भिरकावला.