दिवाळीच्या खरेदीत तुलनेचा काटा आपल्या हातात कसा ठेवावा

नरक चतुर्दशीच्या पहाटे मोती साबणाचा वास आला की आमच्या घरात दिवाळी सुरू होते. आईच्या घरीही असंच होतं. अभ्यंगस्नानाची परंपरा या साबणापेक्षा कितीतरी जुनी आहे आणि तिला लागतं ते तेल आणि उटणं. टाटा ऑइल मिल्सचा हा साबण त्या कंपनीबरोबर पुढे हिंदुस्तान लिव्हरकडे गेला, आणि टीव्हीवरचे अलार्म काका भल्या पहाटे दारं वाजवून सगळ्यांना उठवायला लागले तोवर तो सणाच्या ताटातच जाऊन बसला होता. मी या वर्षीही तो आणणार आहे. मला तो मनापासून आवडतो.

पण त्यात काय घडलं ते पाहण्यासारखं आहे. दुकानात मोती हातात घेताना आपण त्याची किंमत शेजारच्या साबणाशी ताडून पाहत नाही. आपण तो लहानपणच्या पहाटेशी ताडून पाहतो. मार्केटिंगची खरी ताकद मला इथे दिसते. वस्तू चांगली आहे हे ते सांगतंच, पण त्याआधी ती कशाशेजारी ठेवून बघायची हे ठरवून टाकतं. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये निरमा सुरू केली आणि अगदी कमी भावामुळे ती घराघरांत पोचली. सर्फला त्या भावात उतरणं शक्य नव्हतं. मग ऐंशीच्या दशकात सर्फच्या जाहिरातीत ललिताजी आल्या. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी ही काटकसरी बाई सर्फच का घेते, हे ती ठणकावून सांगायची. किलोचा भाव किती, हा प्रश्न तिथे मागे पडला आणि शहाणी गृहिणी काय घेते, हा प्रश्न पुढे आला. पावडर तीच राहिली, बदलला तो तिच्याकडे बघायचा काटा.

तो काटा परत आपल्या हातात घ्यायची माझी पद्धत खाली देते आहे. ती दिवाळीसाठी आहे, कारण वर्षातली सर्वांत मोठी खरेदी आपल्याकडे बहुधा याच पंधरा दिवसांत होते.

आकडा आधी आपला लिहा

जाहिराती बघण्याआधी, ॲप उघडण्याआधी, कागदावर यादी करा. प्रत्येक वस्तूपुढे दोन गोष्टी लिहा: ती कशासाठी हवी आहे आणि जास्तीत जास्त किती रुपये द्यायची तयारी आहे. क्रम महत्त्वाचा आहे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७४ च्या एका लेखात एक प्रयोग सांगितला आहे. लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवलं. ते १० वर किंवा ६५ वरच थांबेल अशी व्यवस्था होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल? ज्यांनी १० पाहिला त्यांचा अंदाज २५ च्या आसपास आला, ज्यांनी ६५ पाहिला त्यांचा ४५ च्या. चक्राचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता, तरी पाहिलेल्या आकड्याने मन आपल्याकडे ओढून घेतलं.

काट मारलेली किंमत नेमकं हेच काम करते. ~~४,९९९~~ असं वाचलं की २,४९९ स्वस्त वाटायला लागतात. आपल्या कागदावर आधीच १,५०० लिहिलेले असतील तर तेच २,४९९ महाग दिसतात.

एमआरपीचंही तसंच. ती जास्तीत जास्त किंमत आहे, सर्व करांसह. दुकानदाराला त्याखाली कितीही उतरता येतं, त्यामुळे एमआरपीवरची सूट म्हणजे रोजच्या भावावरची सूट असेलच असं नाही. मोठी वस्तू घ्यायची असेल तर सेलच्या तीन-चार आठवडे आधी तिच्या किमतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. सेलच्या दिवशी त्या फोटोशी तुलना करा.

वाणसामान: पाकिटाकडे नाही, किलोकडे बघा

फराळाच्या सामानात सगळ्यात जास्त फसगत तेलात होते. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. बाजारात एक लिटरच्या पिशव्या असतात आणि त्यांच्याच शेजारी तेवढ्याच दिसणाऱ्या ८५० ग्रॅमच्याही असतात. समजा, लिटरची पिशवी १४५ रुपयांना आहे आणि ८५० ग्रॅमची १३८ ला. हात सहज १३८ कडे जातो. हिशेब केला तर पहिलीचा भाव किलोला १५९ रुपये पडतो आणि दुसरीचा १६२. चकल्या, शेव, चिवडा, शंकरपाळी असं सगळं घरी करणाऱ्यांना पाच-सहा लिटर तेल लागतं, तेव्हा हा फरक दिसायला लागतो.

पूर्वी तेल, चहा, बिस्किटं अशा काही वस्तू ठरावीक मापांतच विकाव्या लागत. वेष्टनबंद वस्तूंच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, ते बंधन गेलं आणि त्याबदल्यात पाकिटावर एकक किंमत छापणं आलं. वजन एक किलोपेक्षा जास्त असेल तर किलोला किती, कमी असेल तर ग्रॅमला किती. ही किंमत बारीक अक्षरात असते, तरी शोधाच. एका पाकिटावर ग्रॅमचा भाव आणि दुसऱ्यावर किलोचा असेल तर ग्रॅमच्या भावाला हजाराने गुणा. मोठा पुडा स्वस्तच पडतो असं धरून चालू नका. दोन्हींचे आकडे बघा.

सुक्या मेव्याच्या भेटपेट्यांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण गेल्या वर्षी मी स्वतः तिथे चुकले. चार कप्प्यांची, सोनेरी झाकणाची पेटी ८९९ रुपयांना घेतली. घरी येऊन वजन वाचलं: काजू, बदाम, पिस्ते, मनुका, प्रत्येकी १०० ग्रॅम. म्हणजे किलोला जवळपास २,२५० रुपये. आमच्या बाजारात तोच मेवा सुटा घेतला असता तर साडेतीनशेच्या आतबाहेर झाला असता. पुठ्ठा, मखमल आणि झाकण यांचे पाचशेच्या वर गेले. आता मी मेवा सुटा आणते आणि मुलीकडून कागदी पुडे करून घेते. घेणाऱ्यांना ते जास्त आवडतात, असा माझा अनुभव आहे.

पाकीट उलटं करा

पुढची बाजू कंपनीला हवं ते सांगते, मागची बाजू कायद्याने सांगावं लागतं ते. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते: जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. ‘तुपाचा स्वाद’ लिहिलेल्या फराळाच्या पाकिटात पहिल्या दोन-तीन नावांत पामतेल असेल तर पाकिटावरच्या तुपाच्या वाटीचा अर्थ तेवढाच. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरीत साखर कितव्या क्रमांकावर आहे तेही बघा. ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच आपल्या अन्न कायद्यात नाही. म्हणूनच एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना बोर्नव्हिटासह अशी पेयं त्या विभागातून काढायला सांगितली. त्याच वर्षी जूनमध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घट्ट रसात पाणी मिसळून केलेल्या ज्यूसवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढण्याचा आदेश दिला. इतकी वर्षं ते शब्द आपण विश्वासाने वाचत होतो.

सोनं

साडेतीन मुहूर्तांपैकी अर्धा पाडव्याचा. त्या दिवशी गुंजभर का होईना, सोनं घरात यावं, ही भावना माझ्याही मनात आहे. सराफी जाहिराती तिला हात घालतात आणि हिशेब मागे पडतो, म्हणून इथे सावकाश चला.

पानभर जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘घडणावळीवर २५ टक्के सूट’. पहिला प्रश्न विचारा: मुळात घडणावळ किती? एका पेढीवर ती १६ टक्के असेल तर सूट जाऊन १२ राहते. शेजारच्या गल्लीतला सराफ कुठलीही जाहिरात न करता १० टक्के लावत असेल तर तो स्वस्त पडतो. दुसरा प्रश्न: खडे, मीना यांचं वजन सोन्याच्या वजनातून वजा केलं आहे का? तिसरा: मोडायला आणल्यावर काय कापाल? हे तिन्ही आकडे दोन-तीन ठिकाणी विचारून एका कागदावर शेजारी शेजारी लिहा, मग ठरवा.

दागिन्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक असायलाच हवा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांना तो बंधनकारक आहे. दुकानात उभं असतानाच बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक तपासा. कसलेला सराफ याने दुखावत नाही, उलट भिंग पुढे करतो.

मोबाइलवर एक रात्र जाऊ द्या

‘फक्त २ शिल्लक’, उलटी मोजणारं घड्याळ, न मागता टोपलीत आलेला विमा, शेवटच्या पानावर वाढलेलं शुल्क. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ युक्त्यांची यादी करून त्यांवर बंदी घातली. तरी त्या भेटतात. माझा नियम सोपा आहे: वस्तू टोपलीत टाकायची आणि पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी भरायचे. भरताना प्रत्येक ओळ वाचायची आणि आधीच टिक केलेले चौकोन रिकामे करायचे.

बिनव्याजी हप्त्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते. बहुतेक वेळा रोखीने घेणाऱ्याला मिळू शकणारी सूट तुमच्या व्याजात वळती केलेली असते. क्रेडिट कार्डावर हप्ते घेतले तर व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी आणि बऱ्याचदा प्रक्रिया शुल्कही लागतं. म्हणून दोन आकडे विचारा: आज एकरकमी किती आणि हप्त्यांची एकूण बेरीज किती.

पावती आणि यादी

सगळ्या पावत्या एका पाकिटात ठेवा आणि ज्या जाहिरातीमुळे वस्तू घेतली तिचा फोटोही त्यातच. वस्तू तशी निघाली नाही तर आधी विक्रेत्याला लेखी कळवा, दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. घरबसल्या केलेली तक्रार वाया जात नाही, ती करा.

भाऊबीज झाली की सुरुवातीची यादी परत काढा. प्रत्येक वस्तूपुढे प्रत्यक्ष दिलेली किंमत लिहा, आणि यादीत नसताना घरात आलेल्या वस्तू खाली वेगळ्या लिहा. प्रत्येकीसमोर ती कुठे पाहिली होती तेही लिहा: टीव्हीवर, मोबाइलवर, की शेजारणीकडे. माझ्या कागदावर गेल्या वर्षी अशा नऊ वस्तू होत्या, त्यांतल्या सहा मोबाइलवर पाहिलेल्या. त्या ज्या दोन ॲपवर दिसल्या, त्यांच्या सूचना या वर्षी खरेदीच्या पंधरा दिवसांत मी बंद ठेवणार आहे.