नाताळच्या सुट्टीत घर भरणार असेल तर पोपटी अशी लावा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की नवी मुंबईतल्या घरांत गाद्या मोजायला सुरुवात होते. नागपूरचे काका-काकू, इंदूरची आत्या, बंगळुरूचा मावसभाऊ आणि त्याची तमिळ बायको, दिल्लीत नोकरीला असलेली भाची. सगळ्यांच्या सुट्ट्या एकदमच पडतात. मग यजमान उत्साहात चार दिवसांचे चौदा कार्यक्रम आखतो. मॉल, अलिबाग, लोणावळा, सिद्धिविनायक. निम्मी सुट्टी गाडीत जाते आणि उरलेल्या निम्मीत लहान मुलं किरकिरतात. माझं ऐकाल तर एकच संध्याकाळ नीट करा. पोपटी लावा. बाकीचे दिवस पाहुण्यांना घरात लोळू द्या, ते त्यासाठीच आलेले असतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मडक्यात भांबुर्ड्याचा (उग्र वासाच्या रानरोपाचा) पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवं तर चिकन भरायचं, मडकं जमिनीवर उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. रायगडात आणि आपल्या पनवेल-उरण पट्ट्यात थंडी पडली की गावोगावच्या शेतांत ही लागते. घाटावरचे पाहुणे ‘म्हणजे हुरड्यासारखंच ना’ म्हणतील, म्हणू द्या. सुरतेकडचे व्याही असतील तर त्यांना सांगावंही लागणार नाही, कारण वलसाडच्या बाजूला उंबाडियू असंच उलट्या मडक्यात करतात.

तारीख आणि तिकिटं

रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे नाताळच्या गाड्यांचं तिकीट ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात काढायचं. जो नातेवाईक ‘बघू, दिवाळी होऊ दे’ म्हणतो तो वेटिंगवर राहतो. येण्यापेक्षा परतीचं तिकीट अवघड, कारण एक जानेवारीनंतर सगळा देश एकदम कामावर निघतो. नागपूर-भुसावळकडून येणाऱ्यांना सांगा, गाडी ठाण्याला थांबत असेल तर ठाण्यालाच उतरा आणि नवी मुंबईकडे येणारी ट्रान्सहार्बरची लोकल पकडा. सीएसएमटीपर्यंत जाऊन सामानासकट उलटं यायची हौस कशाला?

तारीख ठरवताना पंचांग उघडा. हे फार जण विसरतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे पुढचे महिने लांबलेत आणि नाताळ ऐन मार्गशीर्षात येतो. तो महिना जानेवारी २०२७ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालेल. घरात गुरुवार असतील, कोणी महिनाभर पाळत असेल, तर चोवीस तारखेचा गुरुवार सोडा आणि शाकाहारी मडकं वेगळं लावा. खरं तर पाळणारं कोणी नसलं तरी मडकी दोन लावावीत. इंदूरच्या आत्याला ‘वरच्या वरच्या शेंगा घ्या, त्यांना काही लागलेलं नाही’ असं सांगणाऱ्या यजमानाला माझ्याकडून शून्य गुण.

जागा

सोसायटीच्या गच्चीवर पोपटी लावू नका. स्लॅबचं वॉटरप्रूफिंग जातं, धूर वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत शिरतो आणि सेक्रेटरी नोटीस लावतो ती वेगळीच. गावात कोणाचं शेत असेल तर उत्तम. नसेल तर पनवेल-उरणकडचं एखादं फार्महाऊस घ्या, पण पैसे भरण्याआधी ‘अंगणात जाळ केलेला चालेल का’ हे विचारून घ्या. कर्नाळ्याच्या आसपास किंवा कुठल्याही जंगलाच्या कडेला, वाळल्या गवतात, अजिबात नको. पाण्याच्या दोन बादल्या जवळ ठेवा.

सामान

माणशी पाव किलो शेंगा धरा. बारा माणसांना तीन किलो, किलोभर लहान बटाटे, अर्धा किलो रताळी, डझनभर अंडी, दीड किलो चिकन. त्याशिवाय जाडं मीठ, ओवा आणि केळीची पानं.

शेंगा मात्र स्वतः निवडा. डिसेंबरअखेरीस गावच्या शेंगा नुकत्या भरायला लागलेल्या असतात, त्यामुळे टोपलीत चपट्या शेंगाही येतात. बोटांनी दाबून आत दाणा लागतो का बघा. चपटी शेंग भाजल्यावर चामड्यासारखी होते. भांबुर्डा शेताच्या बांधावर, रस्त्याकडेला उगवतो. ओळखता येत नसेल तर उगाच कुठलाही पाला तोडू नका, शेंगा विकणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवा. पाला चुरगळला की उग्र वास आला पाहिजे. ‘भांबुर्डा नाही मिळाला तर कोबीची पानं घाला’ असा सल्ला मी वाचलाय. घाला, पण मग त्याला पोपटी म्हणू नका.

मडकं मातीचंच घ्या. पत्र्याच्या डब्यात लावणारेही आहेत, पण पत्रा झपाट्याने तापतो. कडेच्या शेंगा करपतात आणि मधला बटाटा कच्चाच राहतो. तोंड इतकं हवं की मनगटापर्यंत हात आत जाईल, त्याहून मोठं नको.

मडकं भरणं

आता खरं काम. पोपटी जाळावर बिघडते असं लोकांना वाटतं. मी पाहिलेल्या बहुतेक फसलेल्या पोपट्या जाळ लागायच्या आधीच फसलेल्या होत्या. आणि नेमक्या याच वेळी यजमान शीतपेयं वाटत फिरत असतो आणि मडकं कोणाच्या तरी कॉलेजातल्या पोरांच्या हातात असतं. तसं करू नका. भरताना स्वतः बसा, फोन लांब ठेवा.

पहिली गोष्ट, शेंगा कोरड्या हव्यात. सकाळी धुवा, चाळणीत निथळा, जुन्या पंच्यावर पसरा. ओल्या शेंगा भरल्या की आत वाफ जास्त धरते, शेंगा भाजायच्या ऐवजी उकडतात आणि वर काळपट चिकट पाणी सुटतं. ‘करपू नये म्हणून थोडं पाणी शिंपडा’ असं सांगणारा माणूस दिसला तर त्याला भाकऱ्या आणायला पाठवा. शेंगांत आणि पाल्यात असतो तेवढा ओलावा पुरतो.

दुसरी गोष्ट, मडकं उलटं होणार आहे हे डोक्यात ठेवून भरायचं. आता जो तळ आहे तो जाळात सगळ्यात वर असणार, त्याच्यावर आणि बाजूंवर विस्तव असणार. तोंड जमिनीला टेकलेलं, तिथे आच सगळ्यात कमी. म्हणून ज्याला शिजायला वेळ लागतो ते आत्ता तळाशी जातं. आधी तळाला पाल्याचा चार बोटं जाड थर. तोच पाला मडक्याच्या पोटाला आतून सगळीकडे लावत वर आणायचा, कुठेही माती उघडी दिसता कामा नये. उघडी राहिली तिथली शेंग कोळसा झालीच म्हणून समजा. मग शेंगांचा एक थर, त्यावर बटाटे आणि रताळी. मोठा बटाटा असेल तर सरळ दोन तुकडे करा. परत शेंगा. प्रत्येक थरावर मूठभर मीठ-ओवा भुरभुरायचा. मीठ आणि ओवा आधीच एकत्र करून तळहातावर चोळून घ्या, म्हणजे ओव्याचा वास सुटतो.

चिकन बरोबर मध्ये. आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ आणि लिंबू लावून दोन तास मुरवा. दही नको, पाणी सुटतं. तुकडे लहान, हाडाजवळ चिरा दिलेले, आणि केळीच्या पानात बांधलेल्या लहान पुड्या. अख्खी कोंबडी घालायचा हट्ट मी बऱ्याच पार्ट्यांत पाहिलाय. बाहेरून सुरेख रंग येतो, मांडीपाशी सुरी घातली की आत गुलाबी. लहान मुलं आणि ऐंशीचे आजोबा जेवणार असतील तिथे हा शौक नको. केळीचं पान देठाकडून आचेवर फिरवून मऊ केलं की बांधताना फाटत नाही.

अंडी पुड्यांच्या भोवती, पण मडक्याच्या कडेला टेकू न देता. अंडी आदल्या रात्रीच फ्रिजमधून बाहेर काढा. गार अंडं तडकतं, मग पांढरं शेंगांवर पसरतं आणि सगळ्या मडक्याला त्याचा वास लागतो.

वरचा थर पुन्हा शेंगांचा. इथेच बहुतेकांचा हात आखडतो आणि मडकं अर्धवट रिकामं राहतं. पोकळी ठेवू नका. भरलेलं मडकं दोन्ही हातांनी हलवा, आतून खडखड आली तर अजून शेंगा घाला, मुठीने हलकेच दाबा. इतकंही दाबू नका की शेंगा पिचतील.

शेवटी तोंड. पाल्याच्या जुड्या देठांसकट आडव्या-उभ्या कोंबायच्या, मूठ आत जाईनाशी होईपर्यंत. चार पानं वर ठेवून ‘झालं’ म्हणणारे लोक मडकं उलटं करताना अर्ध्या शेंगा मातीत सांडतात. जाळावर न्यायच्या आधी मडकं एकदा पंच्यावर उलटं करून बघा. पाला तसूभरही खाली आला तर परत सरळ करून आणखी कोंबा. ही चाचणी टाळलेली पोपटी मी जेवायला बसत नाही.

जाळ

सपाट, कोरडी जमीन. खाली थोडा पाला, त्यावर मडकं उलटं. दोन मडकी असतील तर हातभर अंतर ठेवा आणि शाकाहारी मडक्याच्या बुडावर खडूने खूण करण्यापेक्षा ते सरळ डाव्या बाजूला ठेवा, खडूची खूण काजळीत दिसेनाशी होते. भोवती काटक्या, मग गोवऱ्या उभ्या रचून, वरून पेंढा. वाऱ्याच्या बाजूने पेटवा. पेट्रोल-रॉकेल ओतणाऱ्याला लांब बसवा, वास शेंगांत उतरतो आणि भडका तोंडावर येतो तो वेगळा.

डिसेंबरअखेरीस आपल्याकडे सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो. साडेसहाला पेटवलं की मुलं भुकेने रडायच्या आत उघडता येतं. नुसत्या शेंगा-बटाट्याच्या मडक्याला अर्धा तास ते चाळीस मिनिटं, चिकनच्या मडक्याला पाऊण तास. हे आकडे अंदाजाचेच. वारा जास्त असेल तर एक बाजू आधी जळून जाते, तिकडे गोवऱ्या सरकवत राहा. कोणीतरी एकाने जाळाजवळ बसायचं, गप्पांत सगळे उठून गेले की एक बाजू विझते.

झालं की नाही हे घड्याळाला विचारू नका. पाल्याची डहाळी पाण्यात बुडवून मडक्यावर झटका. थेंब चर्र करून तिथल्या तिथे उडाले तर झालं. थेंब ओघळून खाली आला तर अजून गोवऱ्या टाका. वाल अर्धकच्चे खाल्ले की पोटाला बाधतात, त्यामुळे घाई करणाऱ्यांना तोवर भुईमुगाच्या शेंगा द्या. दिल्लीची भाची तेवढ्यात ‘ही काय थंडी आहे का’ म्हणेल, तिला जाळाजवळची जागा देऊ नका.

उघडणं

विस्तव काठीने बाजूला करा, दहा मिनिटं मडकं तसंच राहू द्या, मग गोणपाटाने धरून सरळ करा. पाला ओढून काढा आणि सगळं केळीच्या पानांवर ओता. चिकनची एक पुडी आधी फोडून हाडापाशी बघा, गुलाबी दिसलं तर त्या सगळ्या पुड्या कढईत दहा मिनिटं झाकून ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. सोबत तांदळाची भाकरी, लिंबू, कांदा, हिरवी चटणी. बिर्याणी, पनीर, स्टार्टर यातलं काही मागवू नका. मागवलंत की शेंगा सोलायचा लोकांना कंटाळा येतो, आणि सोलता सोलताच तर चुलत-मावस भावंडं बोलायला लागतात.

विस्तवावर बादली ओतून, राख काठीने ढवळून, पुन्हा पाणी ओतून मगच निघा.

उरलेल्या शेंगा रात्रीच सोलून दाणे फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी कांदा-खोबऱ्यावर परतले की नागपूरच्या गाडीत पोळीबरोबर डब्याला होतात. अंडी आणि चिकन डब्यात देऊ नका, उरलं असेल तर ते सकाळी गरम करून तुम्हीच संपवा.