अमेरिकन वसाहतकाळातली गुंतलेली नाती जुन्या विलवरून कशी सोडवायची

अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमधली वंशावळ शोधताना पहिली अडचण येते ती जन्माच्या नोंदींची. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे ईशान्येकडच्या वसाहतींत, गावच्या क्लार्कने जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवलेले बऱ्यापैकी सापडतात, पण व्हर्जिनिया-कॅरोलायनाकडे चर्चची रजिस्टरं कुठे आहेत कुठे नाहीत, मग कोण कोणाचा मुलगा हे कळायला बऱ्याचदा विलच, म्हणजे मृत्युपत्रच, हाताशी राहतं. आणि लोक काय करतात, विलमधली नावं उचलतात, फॅमिली ट्रीमध्ये टाकतात आणि पुढे जातात. तसं करू नका प्लीज, विलमध्ये कोण नाहीये आणि का नाहीये हेही तेवढंच बघायचं असतं.

आधी मूळ कागदाची इमेज मिळवा. जुन्या छापील पुस्तकांत विलचे सारांश असतात, त्यात 'मुलं जॉन, मेरी, थॉमस' एवढंच येतं आणि 'माझ्या आधीच्या बायकोचा जॉन' हे चार शब्द गळून गेलेले असतात, सगळी गंमत तिथेच असते. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फ्री अकाउंट काढलं की खूप काउंटींची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) विल बुक्स बघता येतात, आणि आता त्यांचा फुल-टेक्स्ट सर्च हस्ताक्षरही वाचतो, त्यामुळे साक्षीदार म्हणून आलेलं नावसुद्धा सापडतं. फक्त विल बुकमधली असते ती क्लार्कने उतरवलेली नक्कल, त्यातल्या सहीवरून माणूस ओळखायला जाऊ नका.

मग दोन तारखा लिहून घ्या, विल केल्याची आणि कोर्टात सिद्ध झाल्याची (म्हणजे प्रोबेटची), मृत्यू या दोन्हींच्या मधला. १७५२ च्या आधी इंग्लिश वसाहतींत वर्ष २५ मार्चला बदलायचं हे विसरलात तर घोळ होतो. समजा विल २० डिसेंबर १७३१ चं आणि प्रोबेट १५ फेब्रुवारी १७३१ चं, तर आपल्याला वाटतं की विल लिहायच्या आधीच सिद्ध झालं, पण तो फेब्रुवारी आपल्या हिशोबाने १७३२ चा आहे. म्हणून तो १७३१/३२ असा दोन्ही वर्षं घालून लिहा.

आता नाती, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. त्या काळात सन-इन-लॉ म्हणजे जावई असेलच असं नाही, सावत्र मुलालाही तेच म्हणायचे. कझिन म्हणजे कित्येकदा पुतण्या किंवा भाचा. ब्रदर म्हणजे सख्खा भाऊ, मेहुणा, साडू, कधी चर्चमधला सोबतीसुद्धा. सीनियर-ज्युनियर तर काका-पुतणे पण असू शकतात, किंवा एकाच गावातले एकाच नावाचे दोन जण, ज्यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. समजा एका विलमध्ये 'माझा सन-इन-लॉ विल्यम' आहे आणि त्याच विलमध्ये सगळ्या मुली अठराच्या आतल्या, लग्न न झालेल्या आहेत, तर विल्यम बहुतेक बायकोच्या पहिल्या नवऱ्याचा मुलगा. लगेच विल्यमच्या आडनावाचा, दहा-पंधरा वर्षं आधी वारलेला माणूस त्याच काउंटीत शोधा, त्याच्या इस्टेटच्या कागदांत ही बाई विधवा म्हणून मिळायची शक्यता चांगली असते.

'माझी प्रिय पत्नी' लिहिलंय म्हणून ती सगळ्या मुलांची आई धरायची नाही. जॉर्ज वॉशिंग्टनच्या वडिलांचंच बघा ना, ऑगस्टीन वॉशिंग्टन १७४३ मध्ये गेले, त्यांच्या विलमध्ये थोरल्या लॉरेन्सला पुढे माउंट व्हर्नन (जॉर्जचं नंतरचं प्रसिद्ध घर) झालेली जमीन मिळाली आणि अकरा वर्षांच्या जॉर्जला फेरी फार्म ही शेती. पण लॉरेन्स पहिल्या बायकोचा, जेन बटलरचा, आणि जॉर्ज दुसरीचा, मेरी बॉलचा. असं दिसलं की मोठ्या आणि लहान मुलांच्या वयातलं अंतर बघा, कोणाला जमीन लगेच मिळाली आणि कोणाची सज्ञान होईपर्यंत दुसऱ्याच्या ताब्यात राहिली ते बघा, आईकडून आलेल्या मालमत्तेचा उल्लेख आहे का बघा.

थोरला मुलगा विलमध्ये नसेल तर तो मेला किंवा बापाने टाकला असं घाईने ठरवू नका. त्याला बापाने जिवंतपणीच जमीन करून दिलेली असू शकते, म्हणून डीड बुक्स (जमिनीच्या खरेदी-विक्री-बक्षिसाच्या नोंदवह्या) विलच्या जोडीनेच वाचायची, ही सवय मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एक शिलिंग मिळालेला मुलगाही नावडता असेलच असं नाही, बऱ्याचदा त्याचा वाटा आधीच देऊन झालेला असतो आणि नंतर भांडण नको म्हणून ते शिलिंग.

विलच नसलं तर? जॉर्जची बायको मार्था वॉशिंग्टन, तिचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये विल न करताच गेला. अशा वेळी वाटणी कायद्याने व्हायची आणि तीच पुरावा ठरते. व्हर्जिनियात जमीन थोरल्या मुलाला, विधवेला तिच्या हयातीपुरता तिसरा हिस्सा. मॅसॅच्युसेट्समध्ये सगळ्या मुलांना वाटा आणि थोरल्याला दुप्पट. म्हणजे वाटण्यांच्या आकारावरूनही थोरला कोण ते कळतं. इन्व्हेंटरी (मेलेल्या माणसाच्या मालमत्तेची यादी), अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा (इस्टेट सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या माणसाचा) बाँड, मुलांच्या गार्डियनशिपचे कागद, सगळं काढा. बायकांच्या बाबतीत अजून एक, नवरा असताना बाईला सहसा स्वतःचं विल करता यायचं नाही, त्यामुळे विधवांची आणि लग्न न केलेल्या आत्या-मावश्यांची विलं शोधा, त्यांत भाच्या-पुतण्या नावानिशी येतात, लग्नानंतरच्या आडनावासकट.

आणि गुलाम केलेल्या माणसांची नावं गाळू नका. ऑगस्टीनच्या विलमधून छोट्या जॉर्जच्या वाट्याला दहा माणसं आली, जमिनीसारखीच. विलमध्ये अशा माणसांची फक्त पहिली नावं असतात, कधी 'हॅना आणि तिची मुलं' असं. कोण कोणाच्या वाट्याला गेलं ते नीट लिहून घ्या आणि त्या वारसाच्या इन्व्हेंटरीत, पुढच्या विलमध्ये तीच नावं शोधत जा. आफ्रिकन अमेरिकन घराण्यांच्या शोधात आई-मुलांचा धागा असाच पिढ्यान्‌पिढ्या मागे नेता येतो, दुसरा कागद बऱ्याचदा नसतोच. तुमच्या शोधातलं घराणं मालकाचं असलं तरी ही नावं नोंदवाच, कोणीतरी तीच शोधत असतं.

काउंटीचं कोर्टहाउस जळालेलं असलं, व्हर्जिनियात हे बऱ्याच ठिकाणी झालंय, तर इंग्लंडकडे वळा. तिकडे मालमत्ता असलेल्या वसाहतवाल्यांची विलं कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टात (विलं सिद्ध करणारं चर्चचं कोर्ट) सिद्ध व्हायची, ती आता लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये प्रोब ११ या सिरीजमध्ये आहेत आणि त्यांच्या साइटवर नावाने शोधता येतात.