जाड पेशंटचं इंट्युबेशन, रॅम्पने सोपं झालं

इंट्युबेशन म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब घालणं. पेशंट जाड, मान आखूड, नेहमीची उशी दिली तरी हनुवटी छातीकडेच, लॅरिंगोस्कोपचं (घशात आत बघायच्या उपकरणाचं) हँडल छातीला अडणार हे बाहेरूनच दिसत होतं. मग भूल द्यायच्या आधीच, पेशंट जागा असताना, पाठीच्या वरच्या भागापासून डोक्यापर्यंत घडी घातलेल्या चादरींचा उतार, म्हणजे रॅम्प, रचला. बाजूने वाकून बघायचं, कानाचं भोक आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका आडव्या रेषेत आली का. नुसतं डोकं उचलून हे होत नाही, खांदे पण वर यायलाच हवेत. डोक्याकडची बाजू साधारण 25 अंश वर ठेवूनच ऑक्सिजन दिला, त्याने सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) पडायला जास्त वेळ लागतो आणि तो वेळ खरंच लाखमोलाचा असतो. लॅरिंगोस्कोपचं ब्लेड घातलं, व्होकल कॉर्ड (स्वरतंतू) नीट दिसल्या, ट्यूब गेली. मानेला मार लागल्याची शंका असेल तर मात्र मान अशी हलवायची नाही.